तोंडातला डाग आणि मनातली भीती



मिशरी, तंबाखू, मावा, खर्रा यांबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो आहोत. आज व्यसनाबद्दल थोडंच बोलू. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. दवाखान्यात तोंड तपासलं, डॉक्टर म्हणाले, "आत चट्टा आहे, ही कॅन्सरच्या आधीची अवस्था आहे," आणि बाई चिठ्ठी पिशवीत घालून एसटीत बसली. तिथून पुढं तिच्या मनात काय चालतं, आणि तिला कोणती माहिती हवी असते जी तिला कुणी देत नाही, त्याबद्दल आज बोलायचं आहे.

या भाषणाच्या आधी आम्ही आजूबाजूच्या गावांतल्या बायकांशी बोललो. काहींच्या स्वतःच्या तोंडात चट्टा आहे, काहींच्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या. नाव कुणाचंच घेणार नाही. पण एक गोष्ट सगळ्यांच्या बोलण्यात आली. डॉक्टरांच्या वाक्यातला एकच शब्द कानात राहतो, कॅन्सर. 'आधीची' हा शब्द दवाखान्याच्या दारातच गळून पडतो.

मग काय होतं? एका ताईंनी चिठ्ठी धान्याच्या कोठीमागं सारली आणि आठ महिने विषय काढला नाही. म्हणाल्या, "मी गप राहिले तर निदान पोरीचं लग्न तरी पार पडंल." दुसऱ्या एक मावशी दिवसातून दहा वेळा आरशापुढं तोंड उघडून बघत होत्या. रात्री उठून मोबाइलच्या उजेडात बघायच्या, नखानं चट्टा खरवडायच्या. जेवण जाईना, वजन उतरलं. आणि वजन उतरलं म्हणून तर त्यांची खात्रीच पटली की आपल्याला कॅन्सरच झालाय. अजून एक गोष्ट सांगताना बायका हसतात, पण ती खरी आहे. काळजी वाढली की हात डबीकडंच जातो. ज्या मिशरीनं चट्टा आला, तीच चट्ट्याच्या भीतीनं दुप्पट लावली जाते.

डॉक्टरांना दोष द्यायला आम्ही बसलेलो नाही. सरकारी दवाखान्यात बाहेर केवढी रांग असते ते आपण बघतोच. पण "काही नाही, तंबाखू सोडा" एवढंच सांगितलं की माणूस 'काही नाही' तेवढं घरी घेऊन येतो. आणि "घाबरू नका" एवढंच सांगितलं की वाटतं, हे काहीतरी लपवताहेत. अर्धं सांगणं दोन्हीकडून घात करतं.

तर आधी हे समजून घेऊ की कॅन्सरच्या आधीची अवस्था म्हणजे काय. आभाळ भरून आलं की अंगणात वाळत घातलेल्या कुरडया आपण आत घेतो. दर वेळी पाऊस पडतोच असं नाही. वारं सुटतं, ढग निघून जातात. पण ढग दिसत असताना वाळवण बाहेर टाकून कुणी गावाला जात नाही, आणि ढग दिसले म्हणून घर वाहून गेलं असा आकांतही कुणी करत नाही. तोंडातल्या चट्ट्याचं तसंच आहे. तो कॅन्सर नाही. त्याच्यावर लक्ष मात्र ठेवावं लागतं.

आपल्याकडं जास्त दिसतो तो पांढरा चट्टा. जिथं मिशरी किंवा तंबाखूची चिमूट धरतो तिथं, गालाच्या आत, ओठामागं, जिभेच्या कडेला तो येतो. पुसला तरी जात नाही. चिठ्ठीवर त्याला 'ल्युकोप्लाकिया' लिहितात. तो बहुधा दुखत नाही, आणि हीच त्याची खोड आहे. जे दुखत नाही त्याच्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला कोण जाणार? चट्टा लाल, मखमलीसारखा असेल किंवा पांढऱ्यात लाल मिसळलेलं असेल, तर तो जास्त जोखमीचा. तिथं दिवस घालवू नका.

दुसरा आजार सुपारीचा आहे. मावा, खर्रा, गुटखा, अगदी नुसती गोड सुपारीसुद्धा त्याला पुरते. आधी तिखट झोंबायला लागतं, ठेचा तोंडाला लावता येत नाही. मग गाल आतून पांढुरके आणि चिवट होतात, दोरीसारखे पट्टे बोटाला लागतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. पाणीपुरी तोंडात मावत नाही म्हणून तरुण पोरं दाताच्या डॉक्टरांकडं येतात. चिठ्ठीवर 'सबम्यूकस फायब्रोसिस' किंवा नुसतं 'ओएसएमएफ' लिहिलेलं असतं. घरी बघायचं असेल तर आपल्याच हाताची मधली तीन बोटं जुळवून, एकावर एक येतील अशी उभी, दातांच्या मधे घालून बघा. मोठ्या माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं सहसा मावतात. दोनच मावत असतील तर दाखवायला जा. "माझा बाळू तंबाखूला हात लावत नाही, नुसती सुपारी खातो," असं म्हणणाऱ्या आयांसाठी एक सांगतो. नुसत्या सुपारीनंही माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सांगितलं आहे. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ सालापासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं ते तुम्हीच जाणता.

तंबाखू-सुपारीशी संबंध नसलेलेही काही चट्टे असतात, जाळीसारखे दिसणारे. म्हणून चट्टा दिसला की आपणच नाव ठेवून मोकळं व्हायचं नाही, दाखवायचं.

आता बायकांचा पहिला प्रश्न: "याचा कॅन्सर होणार का?" याला "देवाच्या हातात" हे उत्तर नको, आकड्यात उत्तर हवं. केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात, तोंड आखडण्याचा हा आजार असलेल्या ६६ माणसांवर डॉक्टरांनी १७ वर्षं लक्ष ठेवलं. १९८५ साली त्याचा अहवाल आला. त्या काळात ६६ पैकी ५ जणांना कॅन्सर झाला, ६१ जणांना झाला नाही. पांढऱ्या चट्ट्यांतही बहुतेकांचा कॅन्सर होत नाही. पण ५ हा आकडा लहान आहे असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांना कसलंच व्यसन नाही अशा ६६ जणांत एवढ्या वर्षांत तोंडाचा कॅन्सर बहुधा एकालाही होणार नाही. आणि त्या ६६ मधले ५ कोण, हे पहिल्या दिवशी नुसतं डोळ्यांनी बघून सांगता येत नाही. म्हणून सगळ्यांनाच तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी परत बोलावतात. "परत या" म्हणाले म्हणजे काहीतरी वाईट निघालं, असा अर्थ लावू नका. तो त्या तपासणीचाच भाग आहे.

दुसरी भीती तंबाखूच्या पुडीवरच्या चित्राची. सडलेला गाल, भोक पडलेला जबडा. चट्टा सांगितला की बायकांना वाटतं, आपण उद्या असंच दिसणार. ते चित्र पुढं गेलेल्या कॅन्सरचं आहे. तुमचा चट्टा त्याच्या कितीतरी अलीकडं सापडलाय. मोबाइलवर मुलं शोधून दाखवतात तेही बहुतेक असलंच असतं. रात्री अकरा वाजता ते बघत बसू नका, झोप जाईल आणि माहिती काहीच मिळणार नाही.

एका आजींनी नातवाला मांडीवर घेणं बंद केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी मनानंच ठरवलं. मैत्रिणींनो, हा चट्टा लागट नाही. एका ताटात जेवा, नातवाला घास भरवा, पोटाशी धरून झोपवा. लेकीच्या लग्नाची काळजी करणाऱ्या ताईंनाही आम्ही हेच सांगितलं की तुमच्या गालातला चट्टा लेकीला जात नाही. लेकीनं तुमची डबी उचलली तर मात्र तिलाही येईल.

आता तुकडा काढण्याबद्दल. इथं सगळ्यात जास्त माणसं मागं फिरतात, म्हणून इथं जरा थांबू.

"तुकडा काढला की पसरतो." "लोखंड लागलं की चिघळतं." प्रत्येक गावात हे सांगणारं कुणीतरी असतं आणि त्याच्याकडं उदाहरणही असतं, अमक्याच्या चुलत्याचं तोंड कापलं आणि तो चार महिन्यांत गेला. चुलता गेला हे खरं. पण तो दवाखान्यात पोचला तेव्हाच कॅन्सर मानेपर्यंत गेलेला होता. तुकडा काढल्यावर गेला म्हणून तुकड्यावर आळ आला. उशिरा गेल्याचा आळ कुणी घेत नाही. तुकडा काढल्यानं चट्ट्याचा कॅन्सर होत नाही. आत काय चाललंय हे खात्रीनं कळण्याचा तोच रस्ता आहे.

करतात काय? सुई देऊन जागा बधिर करतात. सुई टोचते तेवढंच दुखतं. मग तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा तुकडा घेतात, लागला तर एखादा-दोन टाके घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. दोन-चार दिवस तिखट, गरम, कडक नको. मऊ भात, ताक, खिचडी चालते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, साखरेचा आजार असेल, तर ते आधीच सांगायचं.

खरी परीक्षा त्याच्यानंतर आहे. अहवाल यायला आठवडा लागतो, कधी पंधरा दिवस. हे दिवस बायकांच्या सांगण्यात सगळ्यात वाईट. हात भांड्यात असतात आणि मन कुठं असतं ते सांगता येत नाही. एक ताई दोनदा एसटीनं जाऊन आल्या, दोन्ही वेळा अहवाल आला नव्हता. दुसऱ्या वेळी तर खिडकीतल्या माणसानं मान वर करूनही बघितलं नाही. तिसऱ्यांदा त्या गेल्याच नाहीत. त्यांचा कागद तिथंच कुठंतरी पडून राहिला, आणि आत काय लिहिलंय हे माहीत नसताना त्यांनी वर्ष काढलं. तेव्हा तुकडा काढायच्या दिवशीच विचारून घ्या. अहवाल कोणत्या तारखेला येईल? कुठल्या खिडकीवर मिळेल? तो समजावून कोण सांगणार? येण्याआधी फोन करून विचारता येईल का? हे विचारायला लाजायचं कारण नाही. जाण्यायेण्याचं भाडं आपल्या कमरेच्या पिशवीतून जातं.

अहवालावर 'डिस्प्लेसिया' असा शब्द असतो. तो वाचून घरातलं शिकलेलं पोर आधी रडायला लागतं. त्याचा अर्थ एवढाच की चट्ट्यातल्या पेशींची ठेवण बदलली आहे. तो बदल सौम्य, मध्यम किंवा तीव्र असतो. डिस्प्लेसिया नाही असं लिहिलेलं असेल तर चांगलंच. सौम्य असेल तर बहुधा सवय सोडायला सांगून लक्ष ठेवतात. तीव्र असेल तर चट्टा काढून टाकायला सांगतात. काढल्यावरही तो परत येऊ शकतो, म्हणून तपासणी सुटत नाही. तोंड आखडण्याच्या आजारात गालात इंजेक्शनं देतात, तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवतात. इथं आम्ही गोड बोलणार नाही. आखडलेलं तोंड पहिल्यासारखं पूर्ण मोकळं होणं अवघड असतं. पण सुपारी थांबली आणि व्यायाम नेमानं केला तर पुढं आखडणं थोपवता येतं, आणि घास नीट खाता येणं ही काही लहान गोष्ट नाही.

नवऱ्याचं तोंड आखडलं की बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला: "आता यांना खायला काय घालू?" तिखट कमी करा. तिखटानं कॅन्सर होतो म्हणून नाही, झोंबतं आणि मग माणूस जेवतच नाही म्हणून. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून द्या. शेवग्याचा पाला, मेथी, चाकवत मऊ शिजवून, मोड आलेली कडधान्यं, मिळेल ते फळ द्या. रक्त कमी असेल तर तेही तपासून घ्या. हळद-मध लावून, तुरटी फिरवून चट्टा जात नाही. हळदीचं काही म्हणणं नाही, पण तिच्या भरवशावर चार महिने जातात, ते महत्त्वाचे असतात.

आता मिशरीचं. बायका दवाखान्यात खरं सांगत नाहीत, हे आम्हाला जागोजागी दिसलं. "तंबाखू खाता का?" विचारलं की "नाही" म्हणतात, कारण मिशरी खायची नसते, लावायची असते! आणि सांगितलं तर बोलणी बसणार हेही माहीत असतं. कुणी दात ठणकला म्हणून लावली, कुणाला सासूनं शिकवली, कुणाला लावल्याशिवाय परसाकडं होत नाही. यात गुन्हेगार कुणी नाही. तव्यावर भाजली आणि कुटली तरी ती तंबाखूच असते. डॉक्टरांना सांगा, किती वर्षं, दिवसातून किती वेळा. त्यावरून त्यांना जोखीम कळते. सोडल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस डोकं धरतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, आणि घरच्यांनी चार दिवस जरा ऐकून घेणं, एवढ्यावर ते निभतं. सोडून उपयोग आहे का? आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळातल्या खेड्यांत दहा वर्षं समजावण्याचं काम केलं, तेव्हा ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्या तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण उतरलेलं दिसलं.

घरच्यांना एक विनंती. "सांगत होतो ना, भोग आता," हे वाक्य आम्ही बऱ्याच घरांत ऐकलं. ते ऐकलेली बाई पुढच्या वेळी दवाखान्याचं नावच काढत नाही. त्यापेक्षा तिच्याबरोबर जा. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं निम्मं बोलणं ऐकू येत नाही, बरोबरचीनं ऐकलेलं उपयोगी पडतं. घरातलं कुणी मोकळं नसेल तर गटातली एखादी बाई जाऊ शकते. जाण्याच्या आदल्या दिवशी बसून प्रश्न वहीत लिहून काढा. हा चट्टा कोणता? आज तुकडा काढावा लागेल का? मी काय थांबवायचं? परत कधी यायचं? त्याच्या आत काय झालं तर लगेच यायचं? शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याचं साधारण उत्तर असं: दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, चट्ट्यात गाठ किंवा कडकपणा, लाली, रक्त, कानाकडं जाणारी कळ, मानेत गाठ, कारण नसताना हलणारा दात. यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघू नका.

कुठं जायचं? तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांचा फॉर्म आशाताई भरतात, त्यात तंबाखूचा आणि तोंडाचा प्रश्न असतो. तिथं खरं लिहायला सांगा. उपकेंद्रात, म्हणजे आता ज्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय तिथं, तोंड बघून देतात. पुढं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दाताच्या डॉक्टरांकडं पाठवतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. "नर्सबाईंना तोंडातलं काय कळणार?" असं एका काकूंनी विचारलं. केरळातच तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या आणि कार्यकर्ते घरोघर जाऊन नुसत्या उजेडात तोंडं तपासत होते, ते कुणी डॉक्टर नव्हते. २००५ साली निकाल आला. जिथं तपासणी झाली त्या भागात, तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी होते. आणि आपल्या भागातलं सांगायचं तर पुणे जिल्ह्यातल्या एक लाखाहून जास्त गावकऱ्यांची तोंडं तपासल्याचा अहवाल १९७२ सालीच प्रसिद्ध झाला आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी आ करून दाखवलंय, आपण का लाजावं?

दोन नंबर लिहून घ्या, दोन्ही फुकट आहेत. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६. आणि झोप लागत नाही, छाती धडधडते, घास उतरत नाही, असं पंधरा दिवस चाललं असेल तर टेलि-मानस, १४४१६. तिथं मराठीत बोलता येतं. मनाची काळजी सांगायला फोन करणं म्हणजे वेड लागणं नव्हे. ज्या मावशी रात्री उठून आरसा बघायच्या, त्यांनी फोन केला. तिकडून त्यांना सांगितलं की महिन्यातून एक दिवस ठरवा, त्या दिवशी उजेडात नीट बघा, बाकी दिवस आरसा बंद. त्यांनी संकष्टीचा दिवस धरलाय, म्हणजे लक्षात राहतो.

शेवटी एक प्रश्न राहिला. एका आजींनी विचारलाय, "मला एक पण दात नाही, कवळी आहे, मी काय दाखवू?" आजी, दाखवायचं. चट्टा गालाला आणि जिभेला येतो, त्याला दात लागत नाहीत. कवळी काढून तोंड दाखवा आणि कवळी कुठं टोचत असेल तर तेही सांगा.